दुर्योधनाला नेमकं कोण हसलं? कथेतला हेतू शोधण्याची रीत

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला. द्रौपदी हसली आणि 'बाप आंधळा तसा मुलगाही' अशा अर्थाचं काहीतरी लागट बोलली. त्या अपमानाचा सूड म्हणून द्यूत झालं, मग वस्त्रहरण आणि शेवटी युद्ध. ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणारच. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेनं ती घरोघरी पोहोचवली. 'बाईच्या हसण्यानं महाभारत घडलं' हे वाक्य आजही मुलींना गप्प बसवायला वापरलं जातं. म्हणजे एवढ्या मोठ्या संहाराचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं, हे आपण एका कृतीमागच्या हेतूवरून ठरवून मोकळे झालो आहोत.

संशोधनात प्रवेश करणाऱ्यांसाठी हे उदाहरण फार उपयोगी आहे, म्हणून आज तेच घेऊ. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. प्रयोगवहीत निरीक्षण एकीकडे आणि निष्कर्ष दुसरीकडे लिहायची सवय तिथं लागते. कथा वाचताना मात्र आपण दोन्ही सर्रास एकत्र करतो. 'तो पडला, ती हसली' हे निरीक्षण झालं. 'त्याला खिजवायला हसली' हा निष्कर्ष. हेतू डोळ्यांना दिसत नाही, तो कशावरून तरी काढावा लागतो. तेव्हा पहिला प्रश्न असा: कशावरून?

आधी आपण कोणता पाठ वाचतो आहोत ते ठरवायला हवं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. काम १९१९ साली सुरू झालं, १९२५ पासून वि. स. सुकथनकर प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. जे श्लोक काही थोड्याच पोथ्यांत सापडतात ते मुख्य पाठातून काढून तळटीपांत किंवा परिशिष्टांत ठेवले. इथं एक गैरसमज टाळा. ही आवृत्ती 'प्रत्यक्षात काय घडलं' ते सांगत नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितकं मागं जाता येतं तितका जुना पाठ ती देते, एवढंच. आपल्या कामाला तेवढं पुरतं.

आता सभापर्व उघडू. राजसूय यज्ञ संपतो, पाहुणे परततात. बेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी निवेदक, म्हणजे वैशंपायन, सांगतो की कृष्ण द्वारकेला गेल्यावर त्या सभेत दुर्योधन आणि शकुनी हे दोघेच मागं राहिले. त्रेचाळिसाव्या अध्यायात दुर्योधनाची फजिती येते. स्फटिकाच्या जमिनीला तो पाणी समजतो, पाण्याला जमीन समजून कपड्यांसकट आत पडतो. हसतं कोण? सेवक हसतात. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. द्रौपदीचं नाव इथं नाही. आंधळेपणावरचा तो टोमणा तर चिकित्सक आवृत्तीच्या पाठात द्रौपदीच्या तोंडी कुठंच नाही.

परतीच्या वाटेवर दुर्योधन शकुनीजवळ मन मोकळं करतो. पांडवांचं वैभव, ती सभा आणि पहारेकऱ्यांचं हसणं, या सगळ्यानं आपण जळतो आहोत, असं तो म्हणतो. द्रौपदी इथंही नाही. निवेदकाचा स्वतःचा रोखही पांडवांच्या ऐश्वर्यानं पोळलेल्या मनाकडेच आहे.

मग द्रौपदी आली कुठून? सेहेचाळिसाव्या अध्यायातून. तिथं दुर्योधन तीच हकिगत धृतराष्ट्राला सांगतो आणि हसणाऱ्यांच्या यादीत नवी नावं येतात: अर्जुनासोबत कृष्ण, आणि इतर स्त्रियांसोबत द्रौपदी. पण कृष्ण तर द्वारकेला गेला होता ना?

इथं थांबा. घाईघाईत 'दुर्योधन खोटं बोलला, सापडला!' असं लिहून मोकळं होऊ नका. निरीक्षण एवढंच आहे की निवेदकाचं कथन आणि पात्राचं कथन जुळत नाही. याची किमान दोन स्पष्टीकरणं संभवतात.

पहिलं असं की दुर्योधन वाढवून सांगतो आहे. तो कोणाशी बोलतोय ते बघा. शकुनी त्याच्याच बाजूचा, शिवाय स्वतः तिथं हजर होता. धृतराष्ट्र तिथं नव्हता आणि द्यूताची परवानगी त्याच्याकडून काढायची आहे. नोकरचाकर हसले म्हणून बाप द्यूत मांडू देईल का? कृष्ण हसला, सून बायकांसह हसली, असं म्हटलं की अपमानाला वजन येतं.

दुसरं स्पष्टीकरण पाठाच्या घडणीचं. सेहेचाळिसाव्या अध्यायाच्या आरंभी जनमेजय पुन्हा विचारतो, हे द्यूत झालं कसं? आणि वैशंपायन तीच कथा नव्यानं, विस्तारानं सांगायला लागतो. म्हणजे एकाच प्रसंगाची दोन कथनं कधीतरी शेजारीशेजारी जोडली गेली असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर विसंगती दुर्योधनाच्या स्वभावातली नाही, ती ग्रंथाच्या इतिहासातली आहे. मला पहिलं स्पष्टीकरण जास्त आवडतं, खरं सांगायचं तर. पण आवडणं हा पुरावा नव्हे, त्यामुळे प्रबंधात दोन्ही मांडावी लागतात.

दोन्हींपैकी काहीही धरलं तरी एक गोष्ट उरते. द्रौपदीच्या हसण्याचा साक्षीदार एकच, तो स्वतः तक्रारदार, आणि ती का हसली हे तोही सांगत नाही. आपल्या मन दुखावलं, एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याला झालेलं दुःख म्हणजे करणाऱ्याचा हेतू नव्हे. एवढ्या तुटपुंज्या आधारावर युद्धाचं कारण उभं राहत नाही.

हीच चाचणी शकुनीला लावून बघा. त्याच्या बापाला आणि भावांना कौरवांनी कैदेत उपाशी मारलं, बापाच्या हाडांचे फासे करून त्यानं कुरुकुळाचा सूड घेतला, ही कथा प्रसिद्ध आहे. ऐकायला जबरदस्त आहे, हेतूही चोख बसतो. पण चिकित्सक आवृत्तीत ती नाही. उलट राजसूयाला आलेल्या राजांत शकुनीचा बाप सुबल जिवंत हजर आहे.

मग या नंतरच्या कथा टाकाऊ का? अजिबात नाही. त्या वेगळ्या प्रश्नाची उत्तरं आहेत. हाडांच्या फाशांची कथा शकुनीचा हेतू सांगत नसेल, पण 'एवढा द्वेष कारणाशिवाय कसा असेल?' ही नंतरच्या श्रोत्यांची अस्वस्थता सांगते. द्रौपदीच्या तोंडी घातलेला टोमणा घालणाऱ्या समाजाबद्दल बरंच काही सांगतो. फक्त पुरावा कोणत्या काळाचा, हे लेबल बरोबर लावा.

कादंबरी आणि संशोधन यांतला फरकही इथंच आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये पात्रं स्वतःच बोलतात. लेखक त्यांच्या मनात शिरतो, त्याला तो हक्क आहे. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा का, असा धीट तर्क मांडला. पण तो मांडताना ग्रंथातल्या खुणा वाचकासमोर ठेवल्या. त्यामुळे तुम्ही तो तर्क तपासू शकता, नाकारूही शकता. आपल्याला हेच जमवायचं आहे.

करून बघायचं असेल तर एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट घ्या. कागदावर चार रकाने आखा: कृती काय, पात्र स्वतः काय कारण सांगतं (आणि कोणाला), निवेदक काय सांगतो, आणि नंतरच्यांनी काय जोडलं. द्रोणांबद्दल तुम्हाला ठाम माहीत असलेली प्रत्येक गोष्ट यातल्या एकाच रकान्यात लिहा. चौथा रकाना भरत चालला की हाताशी मूळ पाठ घ्या आणि एकेक नोंद तपासा. एक संध्याकाळ पुरते. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी ती जरूर खर्च करा.