वारसा वास्तूचा आणि लेकींचा

मुंबईच्या फोर्ट भागात, गोदीच्या लायन गेटसमोर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग उभी आहे. ॲडमिरल्टी हाउस, हॉर्नबी हाउस ही तिची जुनी नावे. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे या घरात न्यायालय आले. १७९८ साली स्थापन झालेले रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ पासूनचे सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासूनचे हायकोर्ट, तिन्ही न्यायालये इथे नांदली. १८७८ मध्ये हायकोर्टाची आजची इमारत पूर्ण झाली, न्यायाधीश तिकडे गेले आणि रिकाम्या झालेल्या या वास्तूत ग्रेट वेस्टर्न हॉटेल सुरू झाले. बंदर हाकेच्या अंतरावर. बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्या मुसाफिरांची सोय झाली.

वारसा-वास्तू म्हणून तिचे कौतुक होते. आम्हांला मात्र तिच्यात झालेला दुसऱ्या वारशाचा निवाडा आठवतो.

१८४७ साली खोजा आणि मेमन समाजांतल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुराणाने दिलेला वाटा मागितला. मुलाच्या निम्मा, पण हक्काचा. समोरच्यांचे म्हणणे असे, की आमच्यात मुलीला वाटा देण्याची रूढीच नाही. हे दोन्ही समाज मूळचे हिंदू. धर्म बदलला तरी वारशाची रीत जुनीच राहिली होती. सर अर्स्किन पेरी यांनी रूढी ग्राह्य धरली. लेकी हरल्या.

याच न्यायालयात १८६६ मध्ये न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी आगाखान खटल्याचा निकाल दिला आणि खोजा जमातीच्या प्रमुखपदाचा प्रश्न मिटला. पुरुषांच्या गादीचा तो निकाल सर्वांच्या लक्षात राहिला. लेकींचा विसरला गेला.

रूढीला बाजूला सारणारा शरियत कायदा आला १९३७ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी. त्याच्या पुढच्या वर्षी कच्छी मेमनांसाठी वेगळा कायदा झाला. तरी १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेलीच होती.

इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसाहक्क दिला, असे आम्ही व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. घरी मात्र भावाशी वाकडे नको म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, आणि आम्ही तिच्या मोठ्या मनाचे गोडवे गातो. कायदा बदलला, पेरीसाहेबांनी उचलून धरलेली रूढी आम्ही अजून घरात सांभाळून ठेवली आहे.