सकाळी 9.39

साडेचार महिने आधी, 5 मार्च 2024

विंडोजवर पडद्यामागे अनेक सेवा चालू असतात आणि बाकीचे प्रोग्रॅम त्यांच्याशी ‘नेम्ड पाइप’ नावाच्या वाटेने जोडले जातात. घुसखोरही हीच वाट धरतात. म्हणून क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारीत आपल्या ‘फाल्कन’ या संरक्षक प्रणालीत या वाटेवर पहारा बसवायची सोय केली. 5 मार्चला चाचणी झाली, ती पास झाली, आणि पहिला नियम जगभरच्या संगणकांवर गेला. एप्रिलमध्ये आणखी तीन गेले. कुठे काही बिघडलं नाही.

खोट मात्र आत होती. नियमाच्या नमुन्यात रकाने 21 होते आणि फाल्कनचा कोड माहिती पुरवायचा 20 रकान्यांचीच. तोवरच्या प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तिथे डोकवायची वेळच यंत्रावर आली नव्हती. आपल्या तेरच्या कुंभार संत गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन एकेक डोकं वाजवून पाहिलं आणि कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं. इथे एकविसावं मडकं कुणी वाजवलंच नाही.

सहा तास आधी, 19 जुलै, पहाटे साडेतीनच्या सुमारास

अमेरिकेत अजून 18 जुलैची संध्याकाळ. आयोवा राज्यातून चालणाऱ्या मायक्रोसॉफ्ट अझुरच्या ‘सेंट्रल यूएस’ विभागात एक वेगळंच दुखणं सुरू झालं. या घटनेचा 9.39 च्या क्राउडस्ट्राइकच्या घटनेशी संबंध नाही, पण ही समजली की त्या घटनेचं वजन कळतं.

एका थोरल्या सर्व्हरच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालतात. प्रत्येकीला वाटतं आपण स्वतंत्र संगणक आहोत. त्यांना चालू करणं, थांबवणं, डिस्क जोडून देणं हे काम पडद्यामागची सेवा करते. लिनक्सवर लिबव्हर्ट-डी असते, अझुरसारख्या ठिकाणी कंपनीची स्वतःची यंत्रणा. ज्याला या सेवेशी जोडून घ्यायची परवानगी मिळाली, त्याच्या हातात त्या सर्व्हरवरच्या सगळ्या व्हीएमच्या नाड्या आल्या. म्हणूनच ही परवानगी फार जपून द्यायची असते.

अझुरमध्ये व्हीएमची डिस्क वेगळ्याच सर्व्हरवर असते. कोणत्या पत्त्यावरून आलेली मागणी मान्य करायची याची यादी तिथे ठेवलेली असते आणि ती आपोआप तयार होते. त्या रात्री काही पत्त्यांची माहिती आलीच नाही. यादी बनवणाऱ्या यंत्रणेने ‘माहिती अपुरी आहे’ म्हणून थांबायला हवं होतं, तिने अपुरी यादीच पुढे धाडली. डिस्क शाबूत होत्या, व्हीएमही शाबूत होत्या, फक्त जोडणी नाकारली गेली. डिस्क हरवलेल्या व्हीएम आपोआप पुन्हा सुरू होऊ लागल्या. फ्रंटियरसारख्या अमेरिकी विमान कंपन्या खोळंबल्या.

तासभर आधी, सकाळ

इकडे धाराशिव जिल्ह्यात आषाढी होऊन दोनच दिवस झालेले. पीक विम्याची 15 जुलैची मुदत वाढून 31 जुलै झालेली, आणि 1 जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू. महा ई-सेवा केंद्रांवर झुंबड. एका हातात सातबारा आणि पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, दुसऱ्या हातात आधार आणि पासबुकाची झेरॉक्स. तेव्हा एक रुपयात विमा होता, पण त्या एका रुपयासाठी सोयाबीनवाल्या शेतकऱ्याने रानातलं काम टाकून तालुक्याला यायचं. त्या महिन्यात ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या’ हे ऐकलं नाही असा माणूस विरळा.

‘सर्व्हर’ कुठे आहे, कुणाचा आहे, तो का बसला, हे विचारायची सोय त्या रांगेत कुणालाच नसते. खरं तर सगळ्यात मोठी गैरसोय तीच आहे. काउंटरवरच्या पोरालाही ठाऊक नसतं, आणि शिव्या त्यालाच बसतात.

शून्य, सकाळी 9.39

क्राउडस्ट्राइकने दोन नवे नियम असलेली ‘चॅनल फाइल 291’ पाठवली. या वेळी एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच खरी अट होती. तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ती पास केली, कारण त्याच्या हिशेबी माहिती 21 रकान्यांची येणारच होती. संगणकावर फाल्कनने एकविसावी नोंद वाचायला हात घातला, तिथे ती नव्हतीच. त्याने मेमरीत जायला नको तिथे पाऊल टाकलं.

साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा बंद पडला असता. फाल्कन विंडोजच्या गाभ्यात, सर्वोच्च अधिकाराने चालतो. तो पडला की विंडोज पडते. निळा पडदा. मशीन पुन्हा सुरू झालं की फाल्कन सुरुवातीलाच लोड होतो, तीच फाइल वाचतो, पुन्हा निळा पडदा.

फाइल सगळीकडे एकदम गेली. आधी शंभर मशीन, मग हजार, मग बाकीची, असे टप्पे या प्रकारच्या फायलींसाठी ठेवलेच नव्हते. माझ्या मते खरा गुन्हा इथे आहे. रकाने मोजताना चूक कुणाकडूनही होईल. पण इतका अधिकार असलेली गोष्ट सगळ्या जगाला एकाच मिनिटात द्यायची, हा ठरवून घेतलेला निर्णय होता.

1 तास 18 मिनिटांनंतर, सकाळी 10.57

कंपनीने फाइल मागे घेतली. त्यानंतर सुरू झालेल्या संगणकांना काही झालं नाही. मधल्या 78 मिनिटांत जे चालू होते, त्यांतले अनेक अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने असे सुमारे 85 लाख.

दुपारपर्यंत

मुंबई, दिल्लीसह विमानतळांवर इंडिगो, अकासा, स्पाइसजेटची चेक-इन यंत्रणा बसली. तेव्हा धाराशिवकराला विमान गाठायचं तर पुणं, नाहीतर हैदराबाद. तिथल्या काउंटरवर बोर्डिंग पास पेनाने लिहिले जात होते. तंत्रज्ञान गेल्यावर निदान विमानतळावर कागद-पेन होतं आणि ते वापरायची मुभा होती. आपल्या केंद्रांवर अर्ज ऑनलाइनच हवा, मग कागद घेऊन बसायचं कुणी?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने अतिगंभीर इशारा दिला. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी एनआयसीच्या, म्हणजे सरकारी संगणकांच्या, जाळ्याला धक्का नसल्याचं सांगितलं.

साडेपाच तासांनंतर, दुपारी सव्वातीनच्या सुमारास

कंपनीचे प्रमुख जॉर्ज कर्ट्‌झ यांनी जाहीर केलं की हा सायबर हल्ला नाही. तोवर दुरुस्तीचं काम किती चिवट आहे ते कळून चुकलं होतं. टेबलावरचा संगणक सेफ मोडमध्ये नेऊन ती एक फाइल पुसायची, एवढंच. पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी 48 आकडी किल्ली हवी, आणि किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर, काही ठिकाणी तोच बंद.

व्हीएमचं तर अवघडच. तिला कीबोर्ड नाही, समोर बसायला खुर्ची नाही. ती हजारो किलोमीटरवरच्या सर्व्हरच्या पोटात निळा पडदा घेऊन अडकलेली. मायक्रोसॉफ्टने सांगितलं, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून पाहा. काहींना 15 वेळा करावं लागलं. तेही जमलं नाही तर पडद्यामागच्या सेवेला सांगून आजारी व्हीएमची डिस्क सोडवायची, धडधाकट व्हीएमला जोडायची, तिथून फाइल पुसायची आणि डिस्क परत जागेवर लावायची. एकेक करून, रात्रभर. ज्यांना व्यवस्थापन सेवेपर्यंत पोचता येत होतं, त्यांचीच सुटका होती.

रिझर्व्ह बँकेने सांगितलं की 10 बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. बहुतेक बँकांची मुख्य कामं तेव्हा क्लाउडवर नव्हती आणि क्राउडस्ट्राइक मोजक्याच बँका वापरत होत्या. छोट्या गावच्या बँकांना हे वारं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी, 20 जुलै, पहाटे 3

देशातल्या विमानतळांवरची यंत्रणा सुरळीत झाली. अमेरिकेत डेल्टाची विमानं पुढचे कित्येक दिवस रखडली. रद्द फेऱ्या सुमारे 7000.

बारा दिवसांनंतर, 31 जुलै

या वेळी मात्र वारं छोट्या बँकांकडेच वळलं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देते. तिच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि संसर्ग पसरू नये म्हणून यूपीआयचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तोडली. देशभरातल्या सुमारे 300 छोट्या बँकांच्या खातेदारांचं यूपीआय आणि एटीएम अडलं. पहिल्यांदा चूक झाली होती, या वेळी हल्ला होता. ग्राहकाच्या दृष्टीने फरक शून्य. पैसे खात्यात होते, हातात येत नव्हते.

एनपीसीआयने केलं ते बरोबरच होतं. सगळं जाळं नासण्यापेक्षा एक वाट बंद केलेली बरी. पण बंद केलेली वाट ज्यांची, त्या माणसांना त्याच तासाला त्यांच्या भाषेत सांगायला हवं, आणि सरकारी मुदत त्या दिवशी संपत असेल तर तेवढे तास वाढवून द्यायला हवेत.

1 ऑगस्टला सी-एजची जोडणी पूर्ववत झाली. 6 ऑगस्टला क्राउडस्ट्राइकचा कारणमीमांसेचा अहवाल आला. रकान्यांची संख्या तपासणार, मर्यादेबाहेर वाचणार नाही, आणि यापुढे अशा फायली टप्प्याटप्प्याने पाठवणार, असं त्यात लिहिलं होतं.