फौजदार, जीन आणि जंक्शन

शब्दांचे अर्थ कसे पालटतात, हा विषय कोशकारांच्या अभ्यासिकेतला आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु वऱ्हाडातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे मोगली सुभेदारी, निजामाचा अंमल, इंग्रजांचा कारभार, कापसाचा व्यापार आणि आगगाडी ही सारी एकामागून एक येऊन गेली, तेथे शब्दांचे अर्थांतर हा प्रत्यक्ष इतिहासाचाच एक भाग असल्याचे दिसून येते. राज्य बदलते तेव्हा दप्तरे बदलतात आणि हुद्देदार बदलतात; शब्द मात्र बहुधा तेच राहतात आणि नव्या धन्याची चाकरी करू लागतात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’ सिद्ध केली, त्या वेळी वऱ्हाड सुभ्यातील आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक मुलूख कळंब आणि माहूर या दोन ‘सरकारां’त विभागलेला होता. सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून झालेला महसुली विभाग. पुढे हाच शब्द विभागावरून सत्तेवर गेला, आणि ज्या सरकारात शेतकरी राहत होता त्याच सरकारकडे तो दाद मागू लागला. ‘तहसील’ म्हणजे मूळचा वसूल. वसुलावरून वसुलाची कचेरी, कचेरीवरून तिच्या हुकमतीखालचा प्रदेश असा त्या शब्दाचा प्रवास झाला. पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याचा अधिकारी मामलेदार म्हणून ओळखला जात असता वऱ्हाडात तो तहसीलदार राहिला. मोगल अमदानीत फौज बाळगून मुलुखाचा बंदोबस्त राखणारा फौजदार इंग्रजी अमलात पोलीस ठाण्याचा अंमलदार झाला. आणि रणांगणावरचा शिपाई साहेबांच्या दाराबाहेर कागदपत्रे पोचवण्यासाठी बसू लागला.

हा अपकर्ष केवळ आपल्याच शब्दांच्या वाट्याला आला, असे मानण्याचे कारण नाही. फौजदाराच्या हाताखाली काम करणारा ‘कॉन्स्टेबल’ हा मूळ लॅटिनमधील तबेल्याचा सरदार. राजाच्या अश्वशाळेवरील हा अधिकारी मध्ययुगात इतका चढला, की फ्रान्समध्ये तो साऱ्या सैन्याचा सेनापती झाला, आणि पुढे इंग्लंडात उतरत उतरत गावच्या चौकी-पहाऱ्यावर आला. कचेरीतील ‘क्लार्क’ हा एके काळी धर्मोपदेशक होता. युरोपात लिहिणे-वाचणे चर्चच्या मंडळींपुरते मर्यादित होते, म्हणून धर्मसेवकाचे नाव प्रथम साक्षराला व मग लेखनिकाला मिळाले. अशा रीतीने दारव्ह्याच्या ठाण्यात फौजदार व कॉन्स्टेबल, आणि कचेरीत कारकून व क्लार्क हे शब्द शेजारी येऊन बसले, तेव्हा दोन दूरच्या साम्राज्यांचा पूर्वेतिहास तेथे एकत्र आला होता.

1853 च्या तहान्वये, हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या प्रांतनामातील ‘असाइन्ड’ या एका पदावर सारी राजनीती तोललेली होती, कारण मुलूख निजामाचा, परंतु वहिवाट इंग्रजांची, असा त्याचा भावार्थ होता. 1902 साली दरसाल पंचवीस लाख रुपयांच्या खंडावर वऱ्हाडचा कायमचा पट्टा इंग्रजांना मिळाला, आणि पुढच्याच वर्षी तो प्रांत मध्यप्रांतास जोडण्यात आला. 1905 च्या फेररचनेत जुना वणी जिल्हा, पुसद तालुका सामील होऊन, यवतमाळ जिल्हा म्हणून नांदू लागला, आणि दारव्हा तालुका त्यात राहिला.

तथापि दारव्ह्याच्या बोलीवर कचेरीहूनही अधिक संस्कार केला तो कापसाने. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला अपूर्व महत्त्व आले, आणि 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचला. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘ऊमरा’ ही कापसाची एक जात ठरली, आणि पुढे खानदेशचा कापूसही त्याच नावाने विकला जाऊ लागला. आपले एक गाव परभाषेत जिन्नसाचे नाव होऊन बसले, हेही अर्थांतरच होय.

कापसातील सरकी वेगळी करण्याचे काम पूर्वी घरोघर रेच्यावर होत असे. ते यंत्राने होऊ लागले तेव्हा ‘जीन’ हा शब्द आला. इंग्रजीत तो ‘इंजिन’ या शब्दाचाच संक्षेप आहे, आणि इंजिन या शब्दाचा चौदाव्या शतकातील अर्थ यंत्र असा नसून मनुष्याची उपजत बुद्धी, कल्पकता असा होता. बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून सापळा आणि युद्धयंत्र, व अखेर वाफेवर चालणारे यंत्र अशी त्याची परंपरा आहे. वऱ्हाडाने हा शब्द घेतला तो आणखी विस्तारून. कारण येथे जीन म्हणजे केवळ सरकी काढणारे यंत्र नव्हे, तर कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग जेथे उभी राहते ते आवार, रुईच्या कणांनी भरलेल्या हवेत दिवसभर राबणाऱ्या बायाबापड्यांचा तो रोजगार, आणि हंगामात साऱ्या गावाचे जिच्याकडे लक्ष लागलेले असते ती संस्था. इंग्रजी कोशात हा अर्थ सापडणार नाही, आणि तो तेथे नाही म्हणून तो उणा ठरत नाही.

रुईच्या गाठींमागोमाग आगगाडी आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा, दोन रुळांत अवघे 762 मिलिमीटर अंतर असलेला मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. त्याची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि व्यवस्था मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे होती. ‘कंपनी’ म्हणजे मूळचे एका भाकरीचे वाटेकरी. कंपनीच्या भागधारकांत आणि दारव्ह्याच्या कास्तकारांत त्या भाकरीची वाटणी कशी झाली, हे सांगण्याची आवश्यकता नाही. या गाडीला लोकांनी ‘शकुंतला एक्सप्रेस’ म्हटले. इंग्रजीत ‘एक्सप्रेस’ म्हणजे आरंभी विशिष्ट कार्यासाठी मुद्दाम सोडलेली गाडी. वेगाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. शकुंतला वेगवान कधीच नव्हती, परंतु कापसासाठीच मुद्दाम घातलेल्या त्या मार्गावर एक्सप्रेसचा आद्य अर्थ पुन्हा सार्थ झाला होता. 1994 साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, आणि पुढे गाडीही थांबली.

पुसदकडे जाणारा फाटा येथून निघत असल्यामुळे स्थानकाला दारव्हा मोतीबाग जंक्शन हे नाव मिळाले. फाटा उखडला गेला, तरी जंक्शन राहिले. या शब्दाचे लॅटिन मूळ जोडण्याच्या अर्थाचे असून आपल्या ‘युज्’ धातूशी त्याचे सख्खे नाते आहे. ‘योग’ हा शब्द त्याच कुळातला, आणि बैलाच्या मानेवरचे ‘जू’ही त्याच कुळातले. ज्या परदेशी शब्दाकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्याचा सहस्रावधी वर्षांपूर्वीचा भाऊबंद त्या बैलांच्या मानेवरच होता.

‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली, असे आमच्या भागातील शेतकरी म्हणतो, आणि शिकलेली मंडळी ते अशुद्ध मानतात. परंतु ‘लाइन’ हा शब्द मुळात जवसाच्या तंतूपासून वळलेल्या दोरीचा आहे. दोरीवरून रेषा, रेषेवरून रूळ आणि तार हे सारे अर्थ इंग्रजांनी दिले, त्यात वऱ्हाडाने विजेच्या प्रवाहाची भर घातली, इतकेच. अर्थ असे बदलतच राहतात, हे कोशकारांनीही ओळखले आहे. इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सनने 1755 साली आपला कोश प्रसिद्ध करताना भाषा स्थिर करण्याची मूळची आशा व्यर्थ असल्याचे प्रस्तावनेत मान्य केले. आणि 1884 ते 1928 या काळात प्रथम खंडशः प्रकाशित झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशाने तर प्रत्येक शब्दाचे अर्थ कालक्रमानेच मांडले. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ते स्वराज्याच्या अस्मितेस साजेसे होते. तरीही किल्ला आणि फौज हे शब्द मराठीत उरलेच, कारण लोकांच्या रोजच्या व्यवहाराने ते आपले करून घेतले होते.

म्हणून माझे निश्चित मत असे आहे, की शब्दाचा खरा अर्थ त्याच्या जन्मस्थानी शोधण्यापेक्षा तो ज्यांच्या श्रमांत मुरला त्यांच्या तोंडी शोधावा. दारव्ह्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जिनातील मजूर, हमाल, अडते, जुने रेल्वे कर्मचारी आणि तहसिलीतील निवृत्त कारकून यांच्याकडून हे शब्द, त्यांच्या अर्थासह आणि शक्य तेथे काळासह, आजच टिपून ठेवावेत. पुण्या-मुंबईच्या कोशांत वऱ्हाडची नोंद अपुरी राहिली अशी तक्रार आपण वारंवार करतो. ती दूर करण्याचे साधन आपल्याच गावात आहे, आणि ते वापरण्याचे उत्तरदायित्वही आपलेच आहे.