वादाकडून सहवासाकडे : टिळक दांपत्याच्या निमित्ताने

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास लिहिताना आपले लेखक बहुधा वादविवादांपासून आरंभ करतात. ते स्वाभाविकही आहे. कारण वाद छापले जातात आणि छापलेले टिकते. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद, १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी केलेला वाद, ही प्रकरणे प्रसिद्धच आहेत. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बुद्धी आणि त्याहून पुष्कळ आवेश खर्ची पडला. परंतु अशा सभांतून उठून कोणी आपला धर्म बदलला असेल, असे मानणे कठीण आहे. वादात माणूस दुसऱ्याचे ऐकतो तो उत्तर शोधण्यासाठी, आणि हरला तरी घरी जाऊन अधिकच घट्ट होतो. आम्हां शिक्षकांना हे वर्गातही दिसते.

श्रद्धा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते ती वाट निराळी असते. त्या वाटेचा सर्वांत बोलका पुरावा मराठीत एका कवीच्या आणि त्याच्या पत्नीच्या चरित्रात आहे.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. वय सुमारे बत्तिसाचे. संस्कृतचा व्यासंग, अंगी कवित्व, आणि मनात सर्व धर्मांचे सार काढून एक नवा धर्म उभारण्याचे विचार. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी या ब्राह्मण तरुणाशी अदबीने बोलणे काढले. गोष्टी धर्मावर आल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी 'नवा करार' टिळकांच्या हाती दिला, वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. ते कोण, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही.

या प्रसंगात सभा नाही, खंडनमंडन नाही, संस्थेचे नावही नाही. तिसऱ्या माणसाने ऐकले असते तर त्याला ही प्रवासातली नेहमीची बोलाचाली वाटली असती. पुस्तक देणाऱ्याने देऊन सोडून दिले. पाठपुरावा केला नाही, त्याला तो करता येण्यासारखाही नव्हता. टिळकांनी दिल्या शब्दाखातर वाचावयास घेतले. आरंभी ते पुस्तक त्यांस रुचले नाही, परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. भाकितातली दोन वर्षे जेमतेम भरत आली होती.

इथपर्यंतची कथा ख्रिस्ती ग्रंथकार आनंदाने सांगतात. पुढची कथा सांगण्यास धैर्य लागते, आणि ते लक्ष्मीबाईंनी दाखविले. आपण धर्मांतर करीत आहो हे टिळकांनी ज्या एका माणसाला आधी सांगावयास हवे होते, त्याला सांगितले नाही. पत्नीला ती वार्ता इतरांकडून कळली. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे नातेवाइकांच्या लेखी मृत्यूच. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला होता. पण कायद्याला पंगतीतला पाट मांडता येत नाही. नवरा जिवंत असून लक्ष्मीबाई लहान मुलासह नातलगांच्या आश्रयास राहिल्या. त्या दिवसांचे वर्णन 'स्मृतिचित्रे'त आहे. ज्यांनी ते वाचले असेल त्यांना त्याची आठवण करून देणे पुरे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी माझा लेख बाजूला ठेवून ते आधी वाचावे.

माझ्या मते टिळकांच्या चरित्रातील हा मोठा दोष होय, आणि कवीचा स्वभाव लहरी होता एवढ्याने तो पुसला जात नाही. परक्या सहप्रवाशाने टिळकांना विचार करण्यास दोन वर्षे दिली. टिळकांनी पत्नीला दोन दिवसही दिले नाहीत.

मात्र पुढे जे घडले त्यात टिळकांनी सहप्रवाशाचाच धडा गिरविलेला दिसतो. लक्ष्मीबाई कित्येक वर्षांनी पतीबरोबर राहावयास आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. ख्रिस्ती पतीच्या घरात ब्राह्मण पत्नीचे वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक. हा संसार कसा चालला असेल याची कल्पना सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या वाचकालाच येईल. लक्ष्मीबाईंचे वडील तर सोवळ्यापायी घरादाराला जेरीस आणणारे. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी या बाबतीत मात्र पत्नीवर सक्ती केली नाही. आणि लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, माणसाने केला असे उत्तर दिले, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चूल आधी बदलली, धर्म मागाहून. हा क्रम धर्मशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

पुढे अहमदनगरच्या या घरात बालकवी ठोमरे काही काळ राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला हा मुलगा लक्ष्मीबाईंना पोटच्या मुलासारखा होता. तो हिंदू राहिला, आणि त्यामुळे त्या मायेत काही उणे पडले नाही. धर्मप्रसाराचे यश शिरगणतीने मोजणाऱ्या अहवालात या घराचा हा भाग येणार नाही. माझ्या दृष्टीने टिळकांच्या ख्रिस्तीपणाचा तो फार मोठा पुरावा आहे.

भाषेचेही असेच. बेळगावात जन्मलेले आणि १८५४ साली तेथेच बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहून विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. तरी त्यांच्या पिढीचे धार्मिक गद्य पुष्कळ अंशी मिशनच्या साच्यातले. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात, भजनात, कीर्तनात आणले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. दळताना, प्रवासात, तान्ह्याला निजविताना जे गुणगुणता येत नाही ते मराठी माणसाच्या अंतरात उतरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'चा मराठी भाग त्यांच्या हाती होता, तेथेही त्यांचा हाच प्रयत्न दिसतो.

१९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. मिशनच्या मंडळींना ही कल्पना पेलणे अवघड होते, आणि तिच्यात व्यवहाराची अडचण होती हेही खरे. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, आणि दरबार फार काळ टिकला नाही.

त्यांचे आणखी एक काम अर्धे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प त्यांनी 'ख्रिस्तायना'त सोडला होता. पण दहा-अकरा अध्यायांवर लेखणी थांबली. ज्या पत्नीला एके काळी बातमीही दिली नव्हती, जिला लिहावयास-वाचावयास त्यांनीच शिकविले होते, तिने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. शेवट त्यांचा मुलगा देवदत्त याने केला, आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.