किरणोपचार तंत्रज्ञ : सातारा-सांगली परिसरातील कर्करोग उपचाराच्या इतिहासातील एक दुर्लक्षित घटक

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वैद्यकसेवेचा इतिहास आजवर प्रामुख्याने संस्था, त्यांचे संस्थापक आणि नामवंत शल्यविशारद यांच्या आधारे लिहिला गेला आहे. कर्करोगावरील किरणोपचाराचा इतिहासही त्यास अपवाद नाही. यंत्र कोणी दिले, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, विभागप्रमुख कोण होते, एवढे कोनशिलेवरून कळते. परंतु त्या यंत्राखाली रुग्णास रोज झोपविणारा, त्याच्या अंगावरील खुणा यंत्राच्या प्रकाशझोताशी जुळविणारा आणि दार बंद करून नियंत्रण कक्षातून किरण सुरू करणारा कर्मचारी कोनशिलेवर नसतो. या कर्मचाऱ्यास आज 'रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट' म्हणतात. मराठीत त्यास रूढ असा शब्द नसल्याने प्रस्तुत निबंधात 'किरणोपचार तंत्रज्ञ' ही संज्ञा वापरली आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांत किरणोपचार रुजण्यात या घटकाचे स्थान काय होते, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू होय.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास ऐतिहासिक कारण आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन व संस्थानी मुलूख जोडला जाऊन 'दक्षिण सातारा' हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठचा बागायती पट्टा, पाटण-जावळीचा डोंगराळ भाग आणि माण, खटाव, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके अशी या प्रदेशाची रचना आहे. रुग्ण कोठून येतो आणि त्यास किती लांब जावे लागते, हा प्रश्न किरणोपचारात केवळ सोयीचा नसून उपचाराच्या यशापयशाचा असल्याने ही भूरचना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मिरजेची पार्श्वभूमी

या परिसरातील आधुनिक वैद्यकाचा आरंभ मिरजेपासून सांगितला जातो, आणि तो रास्तच आहे. कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये भारतात आले व १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय मिरज संस्थानात उभे राहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. म्हणजे मिरजेचे रुग्णालय हे किरणोपचारापेक्षाही वयाने थोडे मोठे आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वानलेस यांचे शस्त्रक्रियेतील कौशल्य जितके महत्त्वाचे, त्याहून महत्त्वाची गोष्ट १८९७ मधील आहे. त्या वर्षी त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू केली. डॉक्टर एकटा रुग्णालय चालवू शकत नाही, त्याच्या हाताखाली स्थानिक, शिकविलेली माणसे हवीत, हा विचार त्यामागे होता. वानलेस १९२८ मध्ये निवृत्त झाले, १९३३ मध्ये निधन पावले. मिरज मात्र रुग्णालयांचे गाव म्हणून वाढत गेले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते अशी वैद्यकीय मनुष्यबळाची परंपरा ज्या गावात आहे, तेथेच पुढे कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालये उभी राहिली, हा योगायोग मानणे कठीण आहे.

परळची वाट

तथापि दीर्घकाळ या भागातील कर्करुग्णाची वाट मुंबईकडेच जात होती. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. पॅरिसमध्ये मादाम क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रामय्या नायडू यांनी तेथील रेडॉन संयंत्राची उभारणी केली. १९६२ पासून हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. दरम्यान १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी द्रव्याने उपचार करणारी यंत्रे प्रथम वापरात आली आणि १९५७ मध्ये मद्रासच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये भारतातील पहिले कोबाल्ट यंत्र बसले.

शस्त्रक्रिया एका दिवसात होते, किरणोपचार तसा होत नाही. एकूण मात्रा लहान लहान भागांत विभागून दिल्यास निरोगी पेशींना सावरण्यास वेळ मिळतो, हे फ्रान्समधील रेगो आणि कुतार यांच्या १९२० व १९३० च्या दशकांतील कार्यातून स्पष्ट झाले होते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात सामान्यतः दररोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस, एकूण ६६ ते ७० ग्रे इतकी मात्रा दिली जाते. म्हणजे साडेसहा-सात आठवडे. जतच्या शेतकऱ्यास किंवा पाटणच्या शेतमजूर स्त्रीस इतका काळ मुंबईत काढणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. महालक्ष्मी किंवा कोयना एक्स्प्रेसने दादरला उतरायचे, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर परळचा पदपथ. रेल्वे आणि एस.टी. या दोन्हींच्या भाड्यात कर्करुग्णास सवलत आहे, पण सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कोणत्याही सवलतीत बसत नाही. उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणे हा अशा वेळी अज्ञानाचा नव्हे, तर हिशोबाचा भाग असतो. आणि अर्धवट किरणोपचाराचे फळ अनेकदा काहीच न मिळण्यासारखे असते.

यंत्र जवळ येते

हे अंतर कमी व्हावे म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांत शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे उदाहरण ठळक आहे. तेथे ग्रामीण भागात कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सातारा-सांगली परिसरात मिरजेतील श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल व महात्मा गांधी कॅन्सर हॉस्पिटल, कराडचे कृष्णा रुग्णालय आणि साताऱ्याजवळ शेंद्रे येथील ऑन्कोलाइफ केंद्र या ठिकाणी कर्करोग उपचाराची सोय झाली. ही सर्व केंद्रे खाजगी अथवा न्यासांची आहेत. सातारा शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२१-२२ या शैक्षणिक वर्षातली, ही बाबही येथे नोंदविली पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तिच्यात किरणोपचाराचा समावेश असल्याने गरीब रुग्णासही जिल्ह्यातील खाजगी केंद्राचे दार उघडले. यंत्रापुढील रांग त्यामुळे लांबली, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला तंत्रज्ञ होता.

कोबाल्टचा घटता जोर आणि तंत्रज्ञाचा वाढता दिवस

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे. म्हणजे यंत्रातील स्रोताचा जोर दर महिन्यास सुमारे एक टक्क्याने घटतो. मात्रा तीच द्यायची असल्याने वेळ वाढवावा लागतो. नव्या स्रोतावर ज्या रुग्णास दोन मिनिटे पुरत, त्यास सव्वापाच वर्षांनी चार मिनिटे लागतात. उदाहरणादाखल, दिवसाला साठ रुग्ण धरले तर केवळ किरणांचा वेळ दोन तासांवरून चार तासांवर जातो. नवा स्रोत बसविणे खर्चाचे असल्याने ते लांबणीवर टाकले गेले, तर त्या विलंबाची किंमत रुग्ण रांगेत भरतो आणि तंत्रज्ञ कामाच्या तासांत. विभागाच्या अहवालात 'यंत्र कार्यरत' एवढेच लिहिले जाते.

असे असूनही ग्रामीण महाराष्ट्रात कोबाल्ट यंत्राला मोठा आधार होता, आणि त्याचे एक कारण वीजटंचाई हे होय. रेषीय प्रवेगकास, म्हणजे लिनॅकला, स्थिर वीज व सतत शीतलीकरण लागते. कोबाल्टचे किरण विजेवर अवलंबून नसतात. भारनियमनाच्या काळात ही गोष्ट निर्णायक होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र २००५ मध्ये खारघरच्या केंद्रात प्रथम कार्यान्वित झाले, ते अशाच लहान शहरांचा विचार करून.

परंतु कोबाल्टचा स्रोत कधीच 'बंद' होत नाही, तो फक्त शिशाच्या किंवा तत्सम जड धातूच्या कवचाआड जातो. क्वचित तो परत जागेवर न जाता अडकतो. अशा वेळी काय करायचे याची सूचना नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावलेली असते. तंत्रज्ञाने आत जाऊन प्रथम रुग्णास बाहेर काढायचे, आणि टी-आकाराच्या दांड्याने स्रोत आत ढकलायचा, तोही झोताच्या मार्गात न येता, मोजक्या सेकंदांत. असा प्रसंग कारकिर्दीत कदाचित एकदाही येत नाही. तरीही त्याची तालीम करावी लागते. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये सोडून दिलेल्या उपचारयंत्रातील सिझियम भंगारात गेल्याने चार जणांचा मृत्यू झाला. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात आलेल्या कोबाल्टने एकाचा बळी घेतला. त्या दुसऱ्या घटनेतील उपकरण रुग्णालयाचे नव्हते, विद्यापीठाचे होते. महाविद्यालयीन वाचकांनी हा तपशील विसरू नये.

खुणा, साचा आणि भाषा

किरणोपचारात मात्रा डॉक्टर ठरवितात आणि वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ तिचे नियोजन व मापन करतो. ती प्रत्यक्ष देण्याचे काम तंत्रज्ञाचे. या वाटणीत तिसरे काम यांत्रिक समजले गेले, आणि बहुधा येथेच इतिहासाची चूक झाली. पश्चिम महाराष्ट्रात तंबाखू आणि मशेरीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बरेच असतात. अशा रुग्णासाठी थर्मोप्लास्टिकची जाळीदार शीट सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवितात. काही मिनिटांत ती कडक होऊन चेहऱ्याचा साचा तयार होतो. त्या साच्याआड, एकट्या खोलीत, जाड दारामागे रुग्णास रोज निश्चल पडावे लागते. उपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटते, गिळणे अवघड होते आणि वजन घटल्याने साचा सैल पडतो. ही सैलता सर्वप्रथम तंत्रज्ञाच्या हाताला कळते. साचा पुन्हा करावा लागेल असे त्याने वेळीच सांगितले नाही, तर भौतिकतज्ज्ञाचे अचूक नियोजन काही मिलिमीटरने चुकत राहते.

'मावशी, गळ्याजवळची खूण धुऊ नका' हे वाक्य या विभागात दिवसातून कितीदा उच्चारले जात असेल याची गणती नाही. शासकीय परिभाषेत 'प्रारण' हा शब्द आहे, पण तो रुग्णास कळत नाही. बोलीत लोक 'लाइट देतात' किंवा 'शेक देतात' असे म्हणतात. शेक म्हटले की भाजण्याची भीती येते, लाइट म्हटले की झटक्याची. दोन्ही भीती दूर करून, 'काही जाणवणार नाही, फक्त हलू नका' हे समजावणे भाग पडते. सोबतच उपचारासाठी आलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत, घरातल्या लहान मुलांना जवळ घेण्यास हरकत नाही, हेही सांगावे लागते. रुग्ण डॉक्टरांना आठवड्यातून एखाद्या वेळी भेटतो, तंत्रज्ञास रोज. मनातले प्रश्न साहजिकच त्याच्याकडे येतात.

नाव, पात्रता आणि नोंद

हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये क्ष-किरण व रेडियम यांच्या कामात प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर डॉक्टर व शास्त्रज्ञांबरोबर तंत्रज्ञ आणि परिचारिकाही आहेत. भारतात संरक्षणाची व्यवस्था क्रमाने आली : १९६२ चा अणुऊर्जा कायदा, १९७१ चे प्रारण संरक्षण नियम, नोव्हेंबर १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आणि २००४ चे सुधारित नियम. आज कर्मचाऱ्यास सलग पाच वर्षांत सरासरी वार्षिक २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही कमाल मर्यादा आहे. छातीवरचा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो. पात्र तंत्रज्ञाशिवाय यंत्र चालविण्याची अनुमती मिळत नाही.

व्यवसाय म्हणून मान्यता मात्र फार उशिरा आली. ब्रिटनमध्ये यास 'थेरप्यूटिक रेडिओग्राफर' आणि अमेरिकेत 'रेडिएशन थेरपिस्ट' असे स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे तो दीर्घकाळ 'पॅरामेडिकल स्टाफ' या सरमिसळ वर्गात राहिला. २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून अनुसूचीत आला. डॉक्टरांसाठी नोंदणीची वैधानिक व्यवस्था कितीतरी आधीपासून होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विलंबाचे माप कळते.

दरम्यान उपचारपद्धती बदलत आहे. स्तनाच्या कर्करोगात पूर्वीच्या पंचवीस बैठकांऐवजी पंधरा-सोळा बैठका रूढ झाल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीने पाच बैठकांचा पर्याय पुढे आणला. माणच्या रुग्णाच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होय. मात्र पंचविसांतील एका बैठकीत झालेली चूक पुढच्या चोवीसांत विरून जाण्यास जागा होती, पाचांतील एका बैठकीत ती नाही.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने या वर्गाची दोन प्रकारची साधने उपलब्ध होऊ शकतात. एक, भाभा अणुसंशोधन केंद्रातील राष्ट्रीय मात्रा नोंदवही. प्रत्येक किरण-कर्मचाऱ्याच्या शरीराने किती मात्रा घेतली हे तीत नोंदलेले असते, त्याने काय काम केले हे नाही. दुसरे साधन म्हणजे उपचारपत्रिका. तीत प्रत्येक बैठकीची तारीख, त्या दिवसाची मात्रा, एकूण मात्रा आणि ती देणाऱ्याची आद्याक्षरे असतात. चार दिवस रिकामे राहून पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झालेली नोंद ही यात्रा, पेरणी, एस.टी.चा संप किंवा यंत्रातील बिघाड यांपैकी काहीही सांगत असू शकते, आणि त्यातले कोणते ते ती आद्याक्षरे असलेली व्यक्तीच सांगू शकते. संगणकीय प्रणाली आल्यापासून कागदी पत्रिका मागे पडल्या आहेत, तर जुन्या पत्रिका रुग्णालयांच्या अभिलेख कक्षांत मुदत संपेपर्यंतच ठेवल्या जातात. कोबाल्ट यंत्रावर काम केलेली पिढी निवृत्त होत आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाचे काम हाती घ्यावयाचे ठरविल्यास आरंभ मिरजेपासून करता येईल.