बिनतारी निरोप आणि आपण बायका

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, बालसंगोपन, व्रतवैकल्ये यांवर लेख येतात आणि ते मी आवडीने वाचते. यंदा संपादिकाबाईंनी मलाही लिहिण्याचा आग्रह केला, तेव्हा मी थोडा निराळा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रातले खोल काही मला सांगता येणार नाही. परंतु आपल्या मोसे खोऱ्यात राहणाऱ्या बाईने हा विषय समजून घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. विषय आहे बिनतारी निरोपांचा. म्हणजे तारेवाचून आणि मोबाईलच्या मनोऱ्यावाचून एका ठिकाणचा शब्द दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याच्या विद्येचा, आणि ती विद्या हौसेने जपणाऱ्या माणसांचा.

या माणसांना हॅम म्हणतात. आपल्या घरचा रेडिओ फक्त ऐकतो. यांचा संच ऐकतोही आणि बोलतोही. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो व प्रत्येकाला ओळखीचे एक अक्षरनाव मिळते. आपल्याकडची ही नावे बहुतेक 'व्ही. यू.' या अक्षरांनी सुरू होतात. या संचावरून धंद्याची बोलणी करायची नाहीत, असा नियम आहे. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते.

आपल्या देशात असा पहिला परवाना १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तु यांना मिळाला. योगायोग असा की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या मुळशी तालुक्यात धरणाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाला होता. पुढे १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा इंग्रज सरकारने सर्व हौशी लोकांना त्यांचे प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करायला लावले. यंत्रे गेली, पण हातातली विद्या कशी जमा करणार? तिचा उपयोग तीन वर्षांनी झाला, आणि तो करून घेण्यात पुढे होती एक बावीस वर्षांची मुलगी.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईला गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. कोठे काय चालले आहे हे लोकांना कळेना. तेव्हा उषा मेहता, विठ्ठलदास व चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर अशा तरुण मंडळींनी गुप्त रेडिओ काढायचे ठरवले. युद्धापूर्वी हौशी परवाना असलेल्या नरिमन प्रिंटर यांनी यंत्र जुळवून दिले. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून बिऱ्हाड हलवावे तसे ते यंत्र मुंबईत या घरातून त्या घरात फिरत राहिले. आपल्या विदर्भात चिमूर व आष्टी येथे सरकारने जे अत्याचार केले, त्यांची बातमी या रेडिओने देशाला दिली. छापायला बंदी होती, पण वाऱ्याला कोण बंदी करणार?

हा उद्योग जेमतेम अडीच महिने चालला. यंत्र जुळवणाराच पोलिसांच्या हाती लागला आणि त्याच्याकडून ठिकाण कळले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात आल्या. १९४६ साली सुटल्यावर त्यांनी पुढचे शिक्षण पुरे केले, मुंबईत प्राध्यापकी केली. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले व २००० साली त्या वारल्या. आपल्या मुलींना झाशीची राणी ठाऊक असते. तिच्या जोडीला या मुलीचीही गोष्ट सांगत जावी.

आता आपल्या दाराशी येऊ. आपण ज्या मोसे नदीच्या काठी राहतो तिचे पाणी वरसगावला अडते. शेजारच्या खोऱ्यात आंबी नदी, आणि तिच्यावर पानशेत. १२ जुलै १९६१ रोजी ते नवे मातीचे धरण फुटले. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचून ते वाचवण्यासाठी झटत होते. म्हणजे संकट येऊ घातले आहे हे धरणावर कळले होते. पण पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये सकाळी बायका चुली पेटवून मुलांच्या शाळेची तयारी करीत होत्या. पाणी पुढे आले आणि बातमी मागे राहिली. खडकवासल्याचा जुना बांध गेला, पूल पाण्याखाली गेले, आणि सुमारे हजार माणसे दगावली असे सांगतात. आमच्याकडची जुनी माणसे अजून 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी वर्षे मोजतात.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. गणपती पोचवून दमलेली माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास दगडमातीची घरे त्यांच्यावर पडली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. तेथे देशातले हौशी बिनतारीवाले आपले संच घेऊन मदतीला गेले. कोठे औषध हवे, कोठे तंबू हवेत, कोणाचा नातलग जिवंत आहे, हे निरोप त्यांनी पोचवले. भाकरी आणि पांघरूण घेऊन जाणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची थोरवी आहेच. पण भाकरी कोणत्या गावी कमी पडली आहे हे सांगणाराही लागतो.

दुसरी गोष्ट २००४ सालची. दिल्लीच्या भारती प्रसाद नावाच्या बाई हॅमचे पथक घेऊन डिसेंबरात अंदमानला गेल्या. अंदमानातून हौशी प्रक्षेपण कित्येक वर्षांत झाले नव्हते, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी दोन शब्द बोलायला टपून बसले होते. गेल्या हौसेसाठी. २६ डिसेंबरला समुद्र खवळून आत आला, टेलिफोन बंद पडले. बाईंनी हौस बाजूला सारली आणि तोच संच, तीच तार मदतीला लावली. बेटांवरच्या माणसांची खुशाली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मुख्य भूमीला कळवली. अशा वेळी 'आम्ही सुखरूप आहोत' या तीन शब्दांची किंमत काय असते, हे घरी वाट पाहणाऱ्या आईलाच ठाऊक!

कोणी म्हणेल, ही विद्या संकटापुरती, एरवी काय? एरवी हे लोक स्पर्धा लावतात. एक जागतिक स्पर्धा अठ्ठेचाळीस तासांची असते. तेवढ्या वेळात जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधायचा व प्रत्येकाची नोंद बिनचूक ठेवायची. अमेरिकेत १९३३ पासून जून महिन्यात 'फील्ड डे' होतो. हॅम मंडळी माळावर तंबू ठोकतात, झाडाला तार बांधतात आणि बॅटरीवर संच चालवतात. मला हे वाचून आपल्या पोळ्या लाटण्याच्या स्पर्धेची आठवण झाली. स्पर्धेत जी तासात पन्नास पोळ्या लाटते, ती दारी पन्नास माणसे आली तरी गांगरत नाही. खेळाच्या नावाने तालीम होते, ती अशी.

आता आपल्या खोऱ्याचे पाहा. मोबाईल मनोऱ्याच्या जिवावर चालतो, मनोरा विजेच्या. एका पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. मनोरा बंद पडला आणि शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पुरुषमाणसे पुण्याकडे कामाला गेलेली. एका मुलाला पावसात चालत पाठवावे लागले, तेव्हा संध्याकाळी गाडी आली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली ही देवाची कृपा. पण दरवेळी देवावरच किती भार घालायचा? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा ती बातमी बाहेर कळली ती तिकडे गेलेल्या एस. टी.च्या चालकाला गाव दिसेना म्हणून. दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२४ च्या जुलैत लवासातही दरड कोसळून बंगले गाडले गेले. हे डोंगर आपले आहेत, पण पावसाळ्यात ते कोणाचे ऐकत नाहीत.

डोंगरात बिनतारी चालेल का, असे कोणी विचारील. हातातला छोटा संच साधारण नजरेच्या टप्प्यात बोलतो. मध्ये डोंगर आला की आवाज अडतो. म्हणूनच सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उंचावर उभारला आहे. पण लघुलहरींचे तसे नाही. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर सुमारे वीस मीटर लांबीची साधी तार जमिनीपासून फार उंच न बांधता आडवी लावली, तर आवाज सरळ वर आभाळाकडे जातो आणि तेथून परत खाली येतो. कारंज्याचे पाणी उडून चहूकडे पडते तसा. मग मधला डोंगर आड येत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी तार, एक संच आणि मोटारीची एक बॅटरी, एवढ्यावर हे काम भागते. उषाबेनचा रेडिओही साधारण याच पट्ट्याच्या जवळ बोलत होता, हे मला फार नवलाचे वाटले.

भगिनींनो, या परीक्षेला पदवी लागत नाही. विजेची व रेडिओची सोपी माहिती आणि नियम, एवढा अभ्यास आहे. शाळकरी मुलेही तो करतात. दरड येते तेव्हा घरात कोण असते? आपण असतो, म्हाताऱ्या सासवा असतात, लेकरे असतात. मग हाक मारायची विद्याही आपल्याच घरात हवी. माझी मंडळाला विनंती अशी की, यंदाच्या शिलकीतून हळदीकुंकवाच्या वाणाचा खर्च थोडा आवरावा, दोन मुलींच्या परीक्षेची व पुस्तकांची सोय करावी आणि परवाना मिळाल्यावर मंडळाच्या खोलीत एक संच ठेवावा. वाण एक दिवस मिरवते. हे वाण गावाच्या उपयोगी पडेल. माझी धाकटी नववीत आहे. पहिले नाव मी तिचे देते, दुसरे आपण सुचवावे.