राखीव प्रत : पूर्वकर्म व उत्तरकर्म

मूळ कागद किंवा संगणकातील माहिती नष्ट झाल्यास उपयोगी पडावी, म्हणून वेगळी जतन केलेली प्रत म्हणजे राखीव प्रत अथवा बॅकअप होय. नुसत्या नकलेने ही प्रत विश्वसनीय ठरत नाही. नक्कल करण्यापूर्वी मूळ मजकूर निश्चित करणे (पूर्वकर्म) आणि नक्कल झाल्यावर ती ताडून तिची नोंद करणे (उत्तरकर्म), या दोहोंमुळे तिला प्रामाण्य येते. संगणकाच्या स्वयंचलित बॅकअपमध्ये ही कामे आधी ठरवून दिलेल्या आज्ञा करतात. मराठ्यांच्या दप्तरात ती कारकुनांच्या हातून होत आणि त्यांत सचिवाचे स्थान महत्त्वाचे असे. या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) या डोंगरी तालुक्यांचा इतिहास उद्‌बोधक आहे.

सचिवपद व भोर संस्थान : वेल्हे तालुक्यातील राजगड हे रायगडापूर्वी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याचे मुख्य ठाणे होते. राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) अष्टप्रधानांतील सचिवाचे, म्हणजेच सुरनिसाचे, पद अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. राजपत्रे तपासून त्यांतील न्यूनाधिक अक्षर शुद्ध करणे, महाल-परगण्यांच्या हिशेबांवर देखरेख ठेवणे व पत्रांवर संमतीचे चिन्ह करणे, ही सचिवाची कामे होत. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत (१६८९–१७००) हे पद शंकराजी नारायण यांना मिळाले आणि पुढे त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. या पंतसचिवांचे संस्थान म्हणजे भोर. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड (तोरणा), पवनमावळ व सुधागड हे त्याचे पाच तालुके होते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

दप्तरातील पद्धत : पत्राचा मजकूर संपला, की तेथे मोर्तब होई. ‘मर्यादेयं विराजते’ या मुद्रेने लेखाची सीमा ठरे व तिच्याखाली मागाहून मजकूर घालण्यास वाव राहत नसे. हे पूर्वकर्म होय. त्यानंतर ‘रुजू’, ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ यांसारखे शेरे पत्रावर पडत. ‘सूद’ हे फार्सी ‘शुद’ (झाले) या शब्दाचे मराठी रूप असून, पत्र तपासणी व नोंदणी या पायऱ्यांवरून गेल्याची ती खूण आहे. ‘बारनिशी’ हा शब्द महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत आजही रूढ आहे. वतनाच्या पत्रांत बहुधा शेवटी आज्ञा असे, की या पत्राची प्रत लिहून घेऊन मूळ पत्र भोगवट्यासाठी धन्याकडे परत द्यावे. अशा रीतीने अस्सल पत्र वतनदाराच्या घरी आणि त्याची तालिक, म्हणजे नक्कल, दप्तरात राही.

या विकेंद्रित जतनाचे महत्त्व पुढे दिसून आले. शिवकालीन केंद्रीय दप्तर अखंड राहिले नाही. उपलब्ध पत्रांपैकी बरीचशी देशमुख, देशपांडे, पाटील अशा वतनदारांच्या संग्रहांतून मिळाली. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे घराण्याच्या संग्रहातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) अशी आहे. या तिथीला शिवभारत हा ग्रंथ व जोधपूर येथे सापडलेली जन्मपत्रिका यांचा दुजोरा मिळाला. एका घरात राहिलेल्या नोंदीला स्वतंत्र साधनांशी ताडून पाहिल्यावरच प्रामाण्य आले.

संगणकीय पद्धत : ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणारी ‘क्रॉन’ व अनेक फायली एकत्र बांधणारी ‘टार’ ही साधने युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) होती. परंतु लेखन चालू असलेल्या माहितीसंचाची नक्कल केल्यास तिचा एक भाग जुना व दुसरा नवा येतो आणि प्रत आतून विसंगत होते. म्हणून नकलेपूर्वी लेखन क्षणभर थांबविण्याची, किंवा माहितीचे त्या क्षणीचे सुसंगत चित्र घेण्याची आज्ञा देतात. नकलेनंतरची आज्ञा लेखन पुन्हा सुरू करते, प्रतीची पडताळणी करते व अहवाल धाडते. ‘बाक्युला’, ‘आरस्नॅपशॉट’ इ. प्रणालींत अशा आज्ञा नेमून देण्याची सोय आहे. पोस्टग्रेस्क्यूएल या माहितीसंच-प्रणालीत बॅकअपचा आरंभ व शेवट जाहीर करणाऱ्या आज्ञा २००५ मध्ये आल्या.

यांत दोन नियम महत्त्वाचे आहेत. पूर्वाज्ञा फसली, तर नक्कल थांबली पाहिजे. कारण सदोष प्रत वरकरणी चांगल्या प्रतीसारखीच दिसते. याउलट नक्कल फसली, तरी लेखन मोकळे करणारी उत्तराज्ञा झालीच पाहिजे. नाही तर मूळ व्यवहारच अडून राहतो.

स्थानभेद : प्रत मुळाजवळच ठेवल्यास एकाच आपत्तीत दोन्ही नष्ट होतात. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले. अशा वेळी एकाच घरातील अस्सल व नक्कल दोन्ही भिजतात. म्हणून प्रत दुसऱ्या गावी पाठविणे आणि तिच्यापासून मूळ माहिती पुन्हा उभी करून पाहणे, हीदेखील उत्तरकर्माचीच अंगे मानतात. भोर व वेल्हे तालुक्यांतील गावांचे सात-बारा उतारेही आता संगणकावर आले आहेत. त्यामुळे अशा नोंदींच्या जतनातही या नियमांचे मोल सारखेच आहे.